रविवारी एकचा टेर्मिन

१४ जून २०२५, शनिवार. स. ६.४०
आज मराठी मंडळाची ऱ्हाइनची बस-ट्रिप. संकल्प : किमान पाच जणांशी बोलायचं. जर्मनीत, र्युसेल्सहाइमला येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसात रोज सकाळी सगळे 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणतात, म्हणजे संभाषण उत्तम चालू आहे, पण मराठीत झालेलं बरं. एकटा आहे म्हणून जातोय असं अजिबात नाही. किल्ल्यांची आवड आहे.

७.३०
बसमध्ये सगळी कुटुंबं. संयोजक प्रतापराव माणसं मोजत आले. चार, चार, तीन, पाच. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "आणि हे एक सुटे." वेगळी नोंद झाली! जागा मिळाली मागे, खाऊच्या खोक्यांशेजारी. मोक्याची.

८.१५
संकल्प पार. सतरा जण येऊन बोलून गेले. बहुतेकांनी चकली कुठल्या डब्यात आहे ते विचारलं. माणसं जोडणं हे रक्तातच असावं लागतं.

११.०५, र्युडेसहाइम
डोंगरावर जायला रोपवे. एका पाळण्यात दोघंच. सगळ्यांच्या जोड्या आधीच लागलेल्या. प्रतापरावांच्या मिसेस अरुंधतीवहिनी म्हणाल्या, "अहो, ही बाबागाडी नेता का तुमच्याबरोबर?" नेली. खाली द्राक्षांचे मळे, पलीकडे नदी. इतकं सुंदर की वळून म्हणालो, "बघा, बघा!" बाबागाडीला. वाऱ्यामुळे पुढच्या पाळण्यात ऐकू गेलं नसावं.

११.३०
वहिनींच्या स्पृहाने, वय तीन, आईला जर्मनमध्ये विचारलं, हा कोण? वहिनी म्हणाल्या, "काका आहेत ना ते!" काका. दोन तासांची ओळख नाही आणि नातं जमलं.

दु. ४.२०, बोटीवर
लोरेलायचा खडक आला. सर्व कुटुंबांनी माझ्याकडून फोटो काढून घेतले. हात स्थिर आहे माझा. माझा एकही निघाला नाही. चालायचंच.

सं. ७.१०
उतरल्यावर बाबागाडी मीच उघडून दिली. वहिनी म्हणाल्या, "थँक्यू हं. या ना एकदा घरी जेवायला!"
निमंत्रण! जर्मन माणूस अशा वेळी लगेच टेर्मिन, म्हणजे वार आणि वेळ, ठरवतो. गेनाऊ, अगदी बरोबर. घरी येताच ग्रुपवरून नंबर काढून मेसेज टाकला : "रविवार २२ जून, दु. १. जमेल ना? मला सगळं चालतं." नाव घातलं नाही. घरच्यांत कसली औपचारिकता.

१७ जून, मंगळवार
उत्तर नाही. पण ब्लू टिक आहे. मेनू ठरत असणार.

२० जून, शुक्रवार
उत्तर नाही. घरी माणूस बोलवायचा म्हणजे तयारी असते, समजू शकतो. स्पृहासाठी लाकडी बदक घेतलं. निळ्या शर्टाला इस्त्री केली. कालपासून जेवण निम्म्यावर आणलंय. पहिल्याच वेळी पोळ्यांना नको म्हणणं बरं दिसत नाही.

२२ जून, रविवार. दु. १२.१५
शर्ट घालून बसलोय. वहिनींचा मेसेज आला! "सॉरी, उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आपण कोण?"

१२.४०
'मयुरेश' लिहिलं. खोडलं. 'मयुरेश, स्पृहाचा काका' लिहिलं. तेही खोडलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
शेवटी लिहिलं, "सॉरी, चुकून तुम्हाला गेला."
तीन सेकंदांत उत्तर : "नो प्रॉब्लेम!"

१.००
कुकर लावला.