सूर्याला विचारा

प्रिय खटपट्या,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी मेलंबिलं नाही. तू हल्ली शिलाई मशिनं दुरुस्त करतोस असं वहिनींकडून कळलं. म्हणजे बोटं अजून गप्प बसत नाहीत तर! आपल्या यानावरच्या तुझ्या यंत्रावर ‘सदोष’ असा शेरा बसला आणि तू राजीनामा फेकून गेलास, तेव्हापासून प्रयोगशाळेत भांडायला चांगलं माणूसच उरलेलं नाही.

बातमी ऐक. सूर्य पुन्हा शांत झालाय. महिनाभर अंगावर एक डाग नाही. आपलं यान केव्हाच बंद पडलं. सूर्याकडून येणारा कणांचा वारा आता नवं यान मोजतं, आणि त्यावरचं यंत्र दुसऱ्याच लोकांनी बनवलंय. धामधुमीच्या वर्षांत शंभर हायड्रोजनमागे चारेक हेलियम यायचे. परवा पाहते तर जेमतेम दीड! म्हटलं, झालं, हेही बिघडलं. आणि एकदम आठवलं. तुझं यंत्र नेमकं असंच ‘बिघडलं’ होतं, तेव्हाही सूर्य असाच गप्प होता.

मग मला स्वस्थ बसवतंय होय! माळ्यावरून जुन्या टेपा उतरवल्या, शिंकत शिंकत तुझे मूळ आकडे काढले, तेव्हाचा नि आताचा आलेख एकावर एक ठेवले. अरे, सख्खे भाऊ! सूर्य शांत असला की मंद वाऱ्यातला हेलियम मागेच राहतो. का राहतो? जड म्हणून, की त्याला वर ढकलायला कुणी नसतं म्हणून? या प्रश्नापायी दोनदा दूध उतू गेलं.

आता खरं सांगते. तो शेरा साहेबांचा, असं तू धरून बसला आहेस. सही त्यांची होती, लिहिला मी. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता, आकडे बसेनात, म्हणून हेलियमला सरळ अडीचनं गुणलं आणि दोष तुझ्या यंत्रावर ढकलून मोकळी झाले. जिला तू दिसेल त्या डब्यात नाक खुपसते म्हणून चिडवायचास, तिनं त्या दिवशी तेवढं डोकावून पाहिलं नाही. लाज वाटते रे. सोबत माझ्या सहीच्या कबुलीची नक्कल आहे. सोमवारी अस्सल कागद साहेबांच्या टेबलावर जाईल. यावर जो नवा लेख लिहिणार आहे, त्यावर पहिलं नाव तुझं. माफ कर, नाहीतर नको करूस. यानावर गेलेल्या यंत्राचं जुळं आपण टेबलावर ठेवलं होतं, जाताना त्याला तू चिठ्ठी चिकटवली होतीस, ‘यंत्र ठणठणीत आहे. सूर्याला विचारा.’ ती मी कुणाला काढू दिली नाही. विचारलं रे, अखेर.

तुझीच,
चोंबडी