बाहेरून लावलेली कडी आणि अकरावा रकाना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय लोकांची घरं रिकामी करून देण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या थोरल्या मुलाला शंका येणार. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं त्याला दिलं होतं. तेव्हाचा दाखला मात्र कोणी मागितला नव्हता.

१. धंद्याची हकीगत. माणूस गेला, किंवा घर सोडून मुलांकडे राहायला गेला, की मागचं सामान आम्ही हलवतो. विकण्याजोगं विकतो, बाकी भंगारात. मी आणि यजमानांनी हे हातगाडीवर सुरू केलं. थोरल्याने त्यात दोन गोष्टींची भर घातली: रंगीत लेटरहेड आणि मुकादम.

मुकादम माणसं पुरवायचा आणि आपण टाकलेले जुने कपडे निवडून घ्यायचा. माणसं वेळेवर यायची, मान खाली घालून राबायची. "आई, ह्यांची एक तक्रार नाही," थोरला कौतुकाने सांगायचा. तक्रार करायला तोंड उघडता यावं लागतं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, हेही नमूद करते. दोन वर्षं मी त्यांच्याशी "हे उचला, ते ठेवा" ह्यापलीकडे बोलले नाही. माझी लायकी तेवढीच होती.

२. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवला. तुमच्याकडे आणि तुमच्या पुरवठादारांकडे कोणाला जबरदस्तीने राबवलं जात नाही ना, ह्याविषयी सोळा प्रश्न. थोरल्याने चहा संपायच्या आत भरला. मी विचारलं, "मुकादमाकडे जाऊन पाहिलंस?"

"आई, फॉर्म आहे तो. भरायचा असतो."

सोळाच्या सोळा रकान्यांत त्याने 'होय' केलं होतं. अकरावा प्रश्न होता, कामगारांची ओळखपत्रं कोणी अडकवून ठेवतं का? तिथेही 'होय'. जन्मात एकदा खरं लिहिलं, तेही न वाचता.

त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर एक माणूस जुनं कपाट सोडवत होता. एक स्क्रू वाकला नाही. मी विचारलं, "सुतार का तुम्ही?"

"होतो," ते म्हणाले.

"ओळखपत्र आणा उद्या, नोंद करायची आहे."

"ते मुकादमाकडे."

"मग मागून घ्या."

त्यांनी स्क्रू मोजून डबीत टाकले. "मागितलं की दोन दिवस जेवण बंद होतं, बाई."

३. दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आलीच नाहीत. दुपारी भाचीला टेम्पो काढायला लावला आणि मुकादमाच्या गोदामावर गेले. दाराला बाहेरून कडी होती. काढली. आत नऊ माणसं, सात गाद्या. गाद्या ओळखीच्या वाटल्या, आपणच फेकलेल्या. मी म्हटलं, "चला." कोणी हललं नाही. सुतार म्हणाले, "कागद त्याच्या कपाटात आहेत. कागदाशिवाय जायचं कुठे?"

भाचीने मजूर कार्यालयाला आणि पोलिसांना फोन केला. मी दारात बादली उपडी घालून बसले. आधी मुकादम आला, गोड हसून. "मावशी, ही माझी घरची माणसं."

"घरच्यांना बाहेरून कडी कोण लावतं रे?"

मग थोरल्याचा फोन. "आई, घरी ये. आपली बदनामी होईल." आतल्या माणसांविषयी त्याने एक शब्द विचारला नाही. साहेब लोक तीन तासांनी उगवले, उन्हाचा त्रास सांगत. पण कपाट फोडलं, कागद ज्याचे त्याला मिळाले. मुकादमावर खटला चालू आहे. मी साक्ष दिली आहे. मेले तरी ती कागदावर राहील.

४. धंदा, टेम्पो आणि गोदाम सुतारांना व भाचीला निम्मं निम्मं. अटी अशा: कोणाचे कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत. झेरॉक्स काढायची तर तो माणूस शेजारी उभा हवा. मजुरी ज्याची त्याच्या हातात. जो माणसं पुरवेल किंवा आपला माल घेईल त्याच्याकडे न कळवता जायचं, लोक झोपतात कुठे ते पाहायचं, आणि मालकाला बाहेर काढून त्यांच्याशी बोलायचं. मालक बाहेर जायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच संपला. माझी शिल्लक त्या नऊ जणांना सारखी वाटावी. ते दान नव्हे. त्यांच्या घामावर मी जेवले आहे.

५. राहतं घर थोरल्याला. त्याला रस्त्यावर काढण्याची हौस नाही. लेटरहेडचे उरलेले गठ्ठेही त्यालाच; दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नाहीत.

६. काल तो आला होता. घर कोणाला, हे त्याने विचारलं नाही. विचारलं, "अकराव्या रकान्याचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"खोड ना ते."

"का? खोटं आहे?"

त्याने माझं पेन उचललं. मग म्हणाला, "वाचलं नव्हतं, आई. पण माहीत होतं."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, हेच लिही आणि खाली सही कर. त्याने सही केली नाही. पेन मात्र हातातच घेऊन गेला. म्हणून सहाव्या कलमापासूनचा मजकूर दुसऱ्या पेनाने लिहिला आहे. शाई वेगळी दिसली तर ती खाडाखोड समजू नये.

सुतारांना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष करू नये असं वकिलीणबाई म्हणाल्या, म्हणून ते बाहेर बसले आहेत.

आम्हां दोघांदेखत लिहून देणारीने सही केली:
साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारच्या शिंपीणबाई (सही)

लिहून देणारी (सही)
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा