दीड फुटावरची खिडकी

मी, सहादू सावळीराम गांगुर्डे, वय वर्षे एकसष्ट, धंदा आर्किटेक्ट, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं कंबरेचं हाड मोडलं आहे, डोकं शाबूत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलं नाही. बायको म्हणते तसा मी हट्टी आहे, पण हट्ट म्हणजे वेड नव्हे, हे वकिलांनीही मान्य केलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. माझं राहतं घर माझ्या पश्चात पत्नी भागीबाई हिचं आणि तिच्यानंतर मुलगी सुला हिचं. सुला सटाण्याला शाळेत शिकवते. तिने घर विकावं, ठेवावं, भाड्याने द्यावं, मी वरून बघायला येणार नाही. हे घर मी १९८१ साली एकट्याने आखलं आणि एकट्यानेच बांधून घेतलं. ‘एकट्याने’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

कलम २. वारसांना घराचे दोष ठाऊक असावेत म्हणून नमूद करतो. झोपायच्या खोलीतलं कपाट खाटेला अडतं, अर्धंच उघडतं. दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे. न्हाणीचा दरवाजा आत उघडतो आणि आतली पायरी त्याच्याआड लपते. गेल्या मार्चमध्ये मी तिथेच पडलो. चाळीस वर्षं लोकांना घरं बांधून दिली आणि स्वतःच्या पायरीवरून घसरलो! बाहेरून मात्र घर देखणं आहे. सगळ्या खिडक्या एका रेषेत, जमिनीपासून बरोबर तीन फुटांवर. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. आत राहायचं आम्हाला.

कलम ३. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते भागीचं. तिने ते स्वतःवर खर्च करावं. माझ्या दिवसकार्यावर मांडव घालून उधळू नये.

कलम ४. धोंडीराम सुताराला मी या कागदाने काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात आणि मला धोंडीरामची सही हवी आहे. म्हणून माझं मनगटी घड्याळ मी त्याला गेल्या आठवड्यातच हातोहात दिलं. “साहेब, मला कुठं येळ बघायची हाय?” असं म्हणत त्याने ते लगेच बांधलं.

कलम ५. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पेनं आणि पुस्तकं अशा आर्किटेक्टला द्यावीत जो घराच्या आतलं काम बघणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवतो. स्लॅब टाकून झाल्यावर बोलावणाऱ्याला पेन्सिलीचा तुकडाही देऊ नये. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकत नाही. न टिकू दे. कारण लिहितो.

१९७३ ते १९७९ मी आणि विमलाबाई पगार एका ऑफिसात, एका टेबलाशी बसत होतो. त्या मूळच्या सटाण्याच्या, मुंबईत अंतर्गत सजावटीचा कोर्स केलेल्या. टेबल धोंडीरामने केलेलं, सागवानी, सहा फूट बाय चार. एका बाजूला मी, समोर त्या, मध्ये एकच कागद. मी भिंत काढायचो, विमलाबाई त्या भिंतीला खाट लावून बघायच्या. खाट बसली नाही तर भिंत हलायची. मी कुरकुरायचो, पण हलवायचो.

पाया खोदण्याआधी आम्ही प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर जमिनीवर आखायचो. खोल्या, दारं, ओटा, सगळं खऱ्या मापाचं. मग घरमालकाच्या सगळ्या कुटुंबाला बोलवायचं आणि तासभर त्या रेघांमध्ये राहायला लावायचं. ही विमलाबाईंची पद्धत. बाईने ओट्याच्या जागी उभं राहून खोट्या पोळ्या लाटायच्या, मालकाने खोट्या दारातून आत यायचं. आजूबाजूची माणसं हसायची. एकदा एक गृहस्थ रेघ ओलांडून सरळ स्वयंपाकघरातून बाहेर गेले, तेव्हा विमलाबाई ओरडल्या, “अहो, भिंत आहे तिथे!” ते बिचारे खरोखर मागे फिरले आणि दारातून गेले. काय दिवस होते ते! संध्याकाळी दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे असायचे. सहा वर्षांत आम्ही एकवीस घरं केली आणि एकाही घरात नंतर कोणाला भिंत फोडावी लागली नाही. मला आजही त्या दिवसांची फार आठवण येते, हे लिहायला लाज कसली?

कलम ६. जुने राग. ज्यांनी ज्यांनी विमलाबाईंना ‘पडदेवाली बाई’ म्हटलं, त्या सगळ्या कंत्राटदारांवर माझा राग होता. त्यांची यादी करायला बसलो तर त्यात माझंही नाव येतं. म्हणून ती करत नाही, फक्त घडलं ते लिहितो.

बाविसावं घर होतं, १९७९ सालचं. घरमालकाची आई साळूबाई, अंगावरून वारं गेलेलं, दिवसभर खाटेवर. फक्की मारली तेव्हा तिला खाटेसकट उचलून तिच्या खोलीच्या रेघांमध्ये ठेवलं. विमलाबाईंनी तिच्या डोळ्यांपासून काठी आडवी धरली आणि म्हणाल्या, “या खोलीची खिडकी दीड फुटावर घ्या. नाहीतर फाटकाची कडी वाजली की ही दिवसभर ‘कोण आलं गं?’ विचारत राहील.” मी म्हणालो, बाकीच्या तीन फुटांवर आहेत, समोरून रेष तुटेल. त्या चिडल्या की सटाण्याची बोली यायची तोंडात. “खिडकी कोनाकरता शे? रस्ताकरता का म्हातारीकरता?” मी हट्टाला पेटलो. त्या चार दिवस गावी गेल्या, तेवढ्यात मी तीन फुटांपर्यंत भिंत चढवून घेतली.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, “अजून खालच्या विटा काढता येतील. वरच्या बीमला धक्का नाही.” तेव्हा मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो, “विमलाबाई, तुम्ही पडदे बघा.”

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. टेबल दोघांच्या पैशाचं होतं, म्हणून मी वाटणी म्हणून ते मधोमध कापायला लावलं. धोंडीराम हात जोडून म्हणाला, “साहेब, लाकूड हाय ते, बांधाची जमीन नाय.” तरी कापलं. आता प्रत्येक अर्ध्याला दोनच पाय. माझं अर्धं भिंतीला टेकवून ठेवलं आहे, नाहीतर पडतं.

साळूबाई त्या खोलीत चार वर्षं जगली आणि समोरची भिंत बघत गेली. आता मी आठ महिने खाटेवर आहे. माझ्या खिडकीतून मला विजेची तार आणि आभाळ दिसतं. कडी वाजली की मी हाक मारतो, “भागी, कोण आलं गं?” दिवसातून पंधरा वेळा. ती कंटाळली आहे.

कलम ७. टेबलाचं माझ्याकडचं अर्धं विमलाबाई पगार, राहणार गंगापूर रोड, यांना मिळावं. ‘तुम्ही पडदे बघा’ हे शब्द मी परत घेतो. चूक माझी होती, आणि ती साळूबाईला भोगावी लागली. हे त्यांना माझ्या मृत्यूनंतर वाचून दाखवावं, कारण जिवंतपणी सांगायची मला हिंमत होत नाही.

(कलम ७ वर आडवी रेघ मारली आहे. बाजूला माझी सही. खुलासा खाली.)

खुलासा. वरचा मजकूर मी ३ नोव्हेंबरला लिहिला. भागीने तो मला न विचारता पिशवीत घातला, बस पकडली आणि गंगापूर रोडला नेऊन वाचायला दिला. परवा सकाळी कडी वाजली. मी विचारलं, कोण आलं? “पडदेवाली आलीय,” दारातून उत्तर आलं. आठ वर्षांनी तोच आवाज, हातात मापाची टेप. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, लपवायला कुशीवर वळता येत नाही.

त्यांनी कागद माझ्या छातीवर ठेवला. “मेल्यावर वाचायला मी का थांबू? आत्ता बोला, गांगुर्डे.” मी बोललो. सगळं बोललो, साळूबाईचं नाव घेऊन. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “माझ्यासाठी ठीक आहे. तिच्यासाठी तुम्हाला माफ करणारी मी कोण?” हे मला मान्य आहे.

मग त्यांनी काठी मागवली, माझ्या डोळ्यांपासून आडवी धरली आणि खिडकीखाली भिंतीवर कोळशाने रेघ मारली. अर्धं टेबल त्याच दिवशी हातगाडीवर घालून नेलं. म्हणून कलम ७ खोडलं. वस्तू माझ्याकडे राहिलेली नाही आणि शब्द तोंडी परत घेतलेले आहेत. त्यांना आता या कागदाने काही मिळत नसल्यामुळे त्यांची साक्ष चालते, असं वकील म्हणाले. ते पुन्हा स्वच्छ प्रत करू म्हणत होते. मी नको म्हणालो, खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

कलम ८. नवीन. माझ्या खोलीची खिडकी दीड फुटावर आणली आहे. काल गवंड्याने आणि धोंडीरामने विटा काढल्या. समोरून रेष तुटली आहे, घर आता जरा तिरळं दिसतं. पुढच्या कोणत्याही मालकाने ती पुन्हा चढवू नये.

हा कागद साक्षीदारांसमोर पूर्ण वाचला, आणि त्यांच्यासमोर मी सही करत आहे. सही थोडी वाकडी आली आहे, कारण मध्येच फाटकाची कडी वाजली. भागी बाजारातून येत होती, हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताने कडी लावत. मी कोणाला काही विचारलं नाही.

सही: सहादू सावळीराम गांगुर्डे

साक्षीदार:
१. विमलाबाई पगार, गंगापूर रोड, नाशिक
२. धोंडीराम सुतार, देवळाली गाव (वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, असं त्याने घड्याळ बघून लिहायला सांगितलं)

ठिकाण: नाशिक रोड
दिनांक: १२ नोव्हेंबर १९८७