वाडीत कोणाला कळलं?

धनेशा,

तुझी लेक संचिता वाचली. दवाखान्यातून तिला माझ्या घरी आणलं, तेव्हा तू मुंबईहून फोनवर पहिलं काय विचारलंस? "वाडीत कोणाक कळला नाय मां?" पोरीनं जीव द्यायला घरातल्या गोळ्या खाल्ल्या, आणि तुला वाडीची काळजी!

डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पुन्हा तपासा, औषधं कुलपात ठेवा आणि तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्याच. तू ओरडलास, "ती काय येडी आसा? पोट बिघडलेला म्हणान सांग." मी फोन ठेवला, औषधांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि काल तिला एस.टी.नं कणकवलीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई तिच्याशी एकटीशी खूप वेळ बोलल्या. परतताना ती म्हणाली, "आत्ये, 'तुका काय होता?' असा माका कोणी इचारूकच नाय." ती रडली नाही. मी मात्र भर गाडीत रडले.

हे पत्र तुला पाठवत नाही, कारण तू ते वाचून फाडशील आणि पुन्हा वाडीचंच विचारशील. सोमवारी तिला परत बोलावलंय. तिच्याशेजारी मीच बसेन. बापाची जागा मात्र रिकामी आहे, धनेशा, आणि ती मला भरता येत नाही.

तुझ्यावर भडकलेली,
शुभांगी अक्का