बर्लिनवाले कळवणार आहेत

३ ऑगस्ट, रविवार
समीक्षाला बर्लिनला नोकरी लागली. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं. आंबिवलीतून थेट जर्मनी! घोडबंदर रोडच्या तिच्या सध्याच्या ऑफिसात पेढे द्यायला मी स्वतः गेलेलो. कंपनी तिकीट देते, घर देत नाही. पहिल्या दोन महिन्यांपुरती परवडेल अशी खोली आपली आपण शोधायची. त्या पत्त्यावर तिथल्या सरकारी ऑफिसात नाव नोंदवायचं. ते झाल्याशिवाय बँक, पगार, काही हलत नाही. थोडक्यात, खोली नाही तर नोकरी लटकली.
जबाबदारी मी घेतली. समीक्षा म्हणाली, पप्पा, मी बघते ना, सगळं ऑनलाइन असतं. म्हटलं, अगं, घर बघायला नजर लागते. टॅली, वायरिंग, होमिओपॅथी, सगळं मी क्लास न लावता शिकलो. बर्लिन काय चीज आहे.
संकल्प: पंधरा ऑगस्टच्या आत खोली फायनल.

६ ऑगस्ट, बुधवार
बर्लिनच्या नकाशाची कलर प्रिंट काढली. तिथेही ईस्ट-वेस्ट आहे, कल्याणसारखंच. म्हणजे अर्धा अभ्यास आधीच झालेला. मोबाइलवर जर्मन शिकायला घेतलं. 'सफरचंद लाल आहे' इथपर्यंत आलोय.
तिकडे एकाच खोलीची दोन भाडी लिहितात. थंड आणि गरम. मी थंड निवडलं. समीक्षाला थंडीतही पंखा फुल लागतो. ती म्हणाली, पप्पा, थंड म्हणजे हीटिंगचा खर्च सोडून, भरावं गरमच लागतं. म्हटलं, माहितीये. तुझं लक्ष आहे का बघत होतो.
गरमच्या हिशोबाने परवडणारी खोली एकही दिसली नाही. साइट स्लो असावी.

११ ऑगस्ट, सोमवार
पद्धत सापडली. लोक नुसतं 'खोली आहे का' विचारतात, म्हणून नाकारले जातात. मी समीक्षाचा बायोडेटा केला. भाचीच्या लग्नाला केलेला फॉरमॅट तयारच होता. नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, शिक्षण, वडील (स्टोअर इन्चार्ज, वागळे इस्टेट), आई (गृहिणी), मामा (वर्तकनगर, स्वतःचा फ्लॅट). खाली अपेक्षा: निर्व्यसनी घर, पाणी चोवीस तास. सोबत साडीतला उभा फोटो. साइटवर समीक्षाच्या नावाने खातं उघडलं आणि जाहिरात दिसली की पाठवला.
सुमेधाने विचारलं, अहो, एवढं कशाला लिहायचं? तिला आठवत नाही, मला आठवतं. लग्नानंतर डोंबिवलीत खोली बघायला गेलेलो. मालकाने चहा दिला. आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग भिंतीवर फोटो कुणाचा लावणार ते विचारलं. मग म्हणाला, कळवतो. मी पुढच्या रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फोनपाशी बसून राहिलो. कळवतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तसं माझ्या मुलीला कुणी म्हणायला नको. विचारण्याआधीच सगळं सांगून टाकायचं. प्रश्नच शिल्लक ठेवायचा नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
उत्तरं कमी आलीत. मध्ये पंधरा ऑगस्टची सुट्टी आली.
एकाने लिहिलं, माझं लग्न झालंय, पण शुभेच्छा. एका बाईने विचारलं, ही मुलगी धोक्यात आहे का, पोलिसांना कळवू का? साइटवाल्यांनी खातं बंद केलं.
समीक्षाने ते वाचलं. पप्पा, हा लग्नाचा बायोडेटा आहे! असं ओरडली की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. म्हटलं, अगं, ज्यांच्या घरात राहायचं त्यांना घराणं कळायला नको? ती म्हणाली, तुम्ही माझी उंची का पाठवलीत? म्हटलं, पलंगाच्या मापासाठी.
मेहुणा राजरत्न आलेला. म्हणाला, दाजी, विहारातल्या एका बाईंची मुलगी बर्लिनला आहे, नंबर देऊ? मी मस्कतला होतो तेव्हा ओळखीनेच… मी विषय बदलला. दोन वर्षं मस्कतला राहून आला, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत मस्कत. ओळखीने मिळालेली खोली म्हणजे उपकार. नंबर घेतला नाही. सुमेधाने बहुतेक घेतला.

२४ ऑगस्ट, रविवार
यश! समीक्षाने स्वतःच्या नवीन खात्यावरून चार ओळी पाठवल्या आणि एका घराचं उत्तर आलं. माझ्या पायाभरणीचा परिणाम. हान्ना नावाची मुलगी आणि योनास नावाचा मुलगा एका घरात राहतात, तिसरी खोली रिकामी आहे. भाडं परवडतं, पत्त्यावर नाव नोंदवता येतं. ते सगळ्या उमेदवारांशी व्हिडिओवर बोलणार आणि मग एकाला निवडणार.
मी लगेच ओळखलं. हा बघण्याचा कार्यक्रम. सुमेधाला पोहे करायला सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते तिकडे, पोहे इकडे. म्हटलं, दिसतील तरी ना.

२८ ऑगस्ट, गुरुवार
कार्यक्रम उत्तम झाला.
बाजूच्या मंडळाचा स्पीकर चालू होता, तरी मी आवाज चढवून निभावलं. इस्त्रीचा शर्ट घालून समीक्षाच्या शेजारीच बसलो. तिने कोपराने ढकललं, पण मी फ्रेममध्ये राहिलो. हान्नाने तिला विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय आवडतं? समीक्षा विचार करत होती, म्हणून मीच सांगितलं, घरकामात मदत. सुमेधाने प्लेट कॅमेऱ्यासमोर धरली. खोबरं स्पष्ट दिसत होतं.
मग मी आमच्या बाजूचे प्रश्न घेतले. वडील काय करतात? हान्नाचे बेकरीत, योनासला नक्की माहीत नाही. दोघांचं आपसात नातं काय? दोघं हसले. बाथरूम कोण धुतं? पाळ्या लावल्यात म्हणाले. मी पाळ्यांचा कागद मागितला. मागे शेल्फवर बाटल्या होत्या, त्या बोट दाखवून विचारल्या. योनासने लॅपटॉप थोडा वळवला.
शेवटी हान्ना म्हणाली, आम्ही आपसात बोलून कळवतो.
समीक्षा उठून आत गेली. मी पोहे संपवले. जर्मन माणूस शब्दाचा पक्का. तिकडे कळवतो म्हणजे कळवतोच.

७ सप्टेंबर, रविवार
अजून नाही. बारकाईने विचार करत असणार. मी जर्मनमध्ये आठवण पाठवली. वाक्यरचना माझी, शब्द मोबाइलचे.
सुमेधा म्हणाली, अहो, डोंबिवलीवाल्याचं विसरलात का? म्हटलं, ते डोंबिवली होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
समीक्षाच्या कंपनीचा ईमेल. राहण्याचं नक्की नसेल तर नोकरीची तारीख पुढे ढकलू, पण मग ही जागा राहीलच असं नाही. तिने तो मला दाखवला नाही. प्रिंटरवर राहिलेला.
हॉस्टेलमध्ये एक पलंग बुक केला म्हणाली. आठ जण एका खोलीत, आणि तिथे नाव नोंदवता येत नाही. मी म्हटलं, थांब, हान्नाला फोन लावतो. तर ती अगदी हळू म्हणाली, पप्पा, प्लीज. आता तुम्ही नका बघू.
थकलीये बिचारी. संकल्प: तिला न सांगता बघायचं.

२७ सप्टेंबर, शनिवार
विमानतळ. राजरत्नने गाडी आणलेली. बर्लिनची फाइल मी विभागवार लावून दिली होती: नकाशा, ईस्ट, वेस्ट, बायोडेट्याच्या प्रती. घरी आलो तर चपलांच्या रॅकवर. घाईत विसरली.

५ ऑक्टोबर, रविवार
समीक्षाचा फोन. खोली मिळाली! दोन महिन्यांसाठी. नाव नोंदवलं, कामावर रुजूही झाली. विहारातल्या त्या बाईंच्या मुलीच्या ओळखीने. ठीक आहे. प्राथमिक अभ्यास कुणाचा होता, हे बोलून दाखवायची गरज नाही.
विचारलं, ईस्ट की वेस्ट? खिडकी कुठल्या दिशेला? बाथरूम कोण धुतं? ती म्हणाली, सगळं छान आहे पप्पा. म्हटलं, पत्ता सांग, मी नकाशावर खूण करतो.
मागून सुमेधा भाकरी थापता थापता म्हणाली की समोरच बेकरी आहे, दुसरा मजला, राजरत्नला फोटो पण आलेत. मग घाईने तव्यावरची भाकरी उलटायला लागली.
मी पेन उघडून बसलेलो. म्हटलं, सांग गं, पिनकोडसकट.
समीक्षा म्हणाली, कळवते.