तिरपा उजेड

भाईंदर (पूर्व),
१४ जानेवारी १९९८

चि. दशरथ,
सुचेताताईचे आशीर्वाद. आईचा खोकला उतरला का? हे पत्र एकट्याने वाचू नकोस, गँगमध्ये मोठ्याने वाच.

रूळ राखणाऱ्या भावांनो, हजार गाड्या सुखरूप गेल्या तरी तुमचं नाव कोणी घेत नाही. एक भेग नजरेतून सुटली की मात्र पहिलं नाव तुमचं. हा कुठला न्याय?

दशरथ, “ताईचा कॅमेरा आमची भाकरी खाणार” म्हणून तू दिवाळीला आला नाहीस. अरे, कॅमेरा भेग दाखवेल; रूळ बदलायला खांदे तुमचेच लागतील. त्यावरही कोणी गदा आणली, तर पहिलं भाषण माझं.

आता ऐक. धावत्या डब्याखालून रुळांचे फोटो काढणाऱ्या त्या कॅमेऱ्याचे दिवे आमच्या गाळ्यात बनतायत, जिथे परवापर्यंत स्टीलची ताटं बनायची! गाडी वेगात, त्यामुळे पापणी लवायच्या आत फोटो निघायला हवा. त्याला प्रखर उजेड लागतो. पण रूळ घासून आरसा झालेला. वरून उजेड टाकला की फोटो पांढराफटक.

जितेशशेठ म्हणाले, “पावर बढाओ.”

मी म्हटलं, “शेठ, ताटावरचा चरा डोक्यावरच्या ट्यूबखाली कधी दिसलाय? आडव्या उजेडात धरावं लागतं. आम्ही बाया वर्षानुवर्षं...”

“सुचेताबेन, भाषण बंद,” माझ्याबरोबर पॉलिश करणारी हंसा हसली, “दिवो वांको कर!”

दोघींनी दिवा खाली घेतला, तिरपा केला. केसाएवढी भेग काजळाच्या रेघेसारखी उठली. पॉलिशवाल्या बायांचा दिवा रुळांवर धावणार, दशरथ! ऊर भरून आला.

आणि बाबा आठवले. हे लिहायचं नव्हतं.

ऊन डोक्यावर असताना त्यांची एक भेग सुटली आणि नोकरी गेली. साहेबाने रुळाचा कापलेला तुकडा पायाशी टाकला, “घरी ने. रोज बघ, मग दिसेल.” ते खरंच रोज बघायचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात भेग स्पष्ट दिसायची, आणि त्यांची मान खाली जायची. शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत गेले.

त्यांची नजर अधू नव्हती रे. उजेड वरून होता.

पुढच्या रविवारी रेल्वेचे साहेब दिवा बघायला येतायत. मी त्यांच्यासमोर आधी वरून उजेड टाकणार, मग तिरपा. आई ज्यावर नारळ फोडते तो बाबांचा तुकडा पोत्यात घाल आणि घेऊन ये.

बाबांची मुलगी,
सुचेता