कुहीच्या स्लॅबमधली सात भोकं

६ जानेवारी २०२५, सोमवार

दोनशे चौदा लेयर. दोनदा मोजले, पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून.

कुहीच्या प्रसूतिगृहाचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल आजपासून माझ्या गळ्यात. आधी अंकितकडे होतं, तो नोकरी बदलून पुण्याला गेला. मग मधे ज्याला वेळ मिळाला त्याने हात मारला आणि आपापली नावं ठेवून दिली. 'भिंत', 'भिंत नवी', 'भिंत नवी फायनल', 'टेम्प', 'टेम्प २', 'विचारून डिलीट करणे'. कुणाला विचारून, ते लिहिलेलं नाही. एकाच दाराची चौकट एका लेयरवर, पल्ला दुसऱ्यावर, आणि कडी 'फर्निचर'वर. भिंती बंद केल्या तर जिना गायब होतो.

कृष्णकांत सर म्हणाले, "दीप्ती, शनिवारपर्यंत साफ कर. सोमवारी साइटला शीट गेल्या पाहिजेत." सतरा वर्षं झाली त्यांच्या आर्किटेक्ट ऑफिसात. 'जमेल का' असं त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही. मीही कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

७ जानेवारी

एकशे एक्क्याण्णव. डोळे चुरचुरतात.

९ जानेवारी, गुरुवार

एकशे तीन. 'टेम्प २'मध्ये अख्खं ऑपरेशन थिएटर सापडलं.

नवऱ्याची, धम्मानंदची, सकाळची पाळी होती. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून आला, चहा झाला, मी भाजी चिरत होते. म्हणाला, "काय करून राहिली तू सोमवारपासून? नुसतं लेयर-लेयर ऐकून राहिलो."

सांगितलं — एकाच इमारतीचे वेगवेगळे पदर. भिंती एकावर, कॉलम एकावर, पाइप एकावर, वायरिंग एकावर. गवंड्याच्या कागदावर गवंड्याचं तेवढं चालू ठेवायचं, बाकी बंद.

"बंद केलं म्हणजे पुसलं?"

"नाही. असतं तिथंच. दिसत नाही."

"मंग अडचण काय?"

"साइटवर जे दिसतं तेच बांधतात."

त्याने माझ्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तू जरा झोपत जा वं."

११ जानेवारी, शनिवार

छत्तीस. दोनशे चौदाचे छत्तीस केले!

नावंही आता वाचली की कळतात. स्लॅबमधून पाइप खाली उतरायला जी भोकं ठेवायची, त्यांची लेयर मुद्दाम वेगळी केली. सात भोकं आहेत, नकाशावर सात फुल्या. आधी ती चार लेयरवर विखुरलेली होती, एक तर 'झाडं' या लेयरवर. छापायच्या बाराही शीट एकेक करून उघडल्या, मोठ्या करून पाहिल्या. सगळं जागच्या जागी. सरांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ठीक."

घरी येताना सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला.

१३ जानेवारी, सोमवार

शीट छापल्या. 'तपासले'च्या चौकोनात सही केली. शनिवारीच पाहिलेल्या, म्हणून पुन्हा उघडल्या नाहीत. दुपारी कुहीला रवाना.

१६ जानेवारी, गुरुवार

डबा उघडला आणि लहानूभाऊंचा फोन. लहानूभाऊ कुहीच्या साइटचे सुपरवायझर, ठेकेदाराचे माणूस, साठीच्या घरातले. राहतातही कुहीतच.

"मॅडम, या स्लॅबात पाइपाची भोकं काहून नाही दिसून राहिली? वरतं तर संडास-बाथरूम हायेत."

"पाइपच्या शीटवर असतील भाऊ, नीट बघा."

"तेथं पाइप हायेत. भोकं नाही."

"ड्रॉइंगप्रमाणे करा. सगळं तपासलेलं आहे."

"बरं. तुमी म्हणता तं."

सहा दिवस डोळे फोडून एकेक रेघ लावली, आणि आता साइटवरून परीक्षा. भाजी गार झाली. तशीच खाल्ली.

१८ जानेवारी, शनिवार

स्लॅब टाकून झाला. लहानूभाऊंनी फोटो पाठवला. ओला, सपाट, चकचकीत. छान दिसतो.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी दहाला लहानूभाऊंचा फोन. पाइपवाले आलेत, भोकं शोधून राहिलेत. मी पुन्हा तेच म्हणणार होते — शीट बघा. पण या वेळी त्यांनी शीटचाच फोटो पाठवला. माझी सही असलेली शीट. स्लॅब, बीम, कॉलम, मापं, सगळं. भोक एकही नाही.

फाइल उघडली. लेयर आहे. सातही भोकं आहेत, जिथल्या तिथे. फक्त स्लॅबच्या व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या दृश्यात, ती लेयर बंद आहे, आणि शीट त्या व्ह्यूवरूनच निघते. मी ती चालू ठेवली होती. ठेवली होती ना? शनिवारी मोठी करून पाहिली होती, सात फुल्या मोजल्या होत्या. का मोजल्या असं वाटतंय फक्त? त्या आठवड्यात छत्तीस लेयर किती वेळा बंद-चालू केल्या त्याचा हिशोब नाही. एक राहिली असेल. माझ्याशिवाय तिथे हात लावणारं होतं कोण.

आणि त्यांनी विचारलं होतं. स्लॅब टाकायच्या दोन दिवस आधी, स्वच्छ शब्दांत विचारलं होतं.

सरांच्या केबिनमध्ये गेले. सांगता सांगता रडू आलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा. सरांनी फाइल स्वतःच्या मशीनवर उघडली, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "जा, तोंड धुऊन ये. कुणाशी बोलू नकोस."

३० जानेवारी, गुरुवार

इंजिनिअर साइट पाहून आले. सातपैकी पाच भोकं मशीनने पाडता येतील. दोन बीमला लागून येतात, तिथे हात लावायचा नाही. म्हणजे वरचे दोन संडास सरकणार, त्यामागे बाळंतिणींची खोली सरकणार, पाइप नव्याने. पावसाळ्याआधी दवाखाना सुरू करायचा होता. आता दिवाळी धरा, म्हणाले.

म्हणजे आणखी एक पावसाळा कुहीकडच्या बाया कळा सोसत जीपने नागपूरला येणार.

सर दवाखाना बांधणाऱ्या ट्रस्टला पत्र लिहीत होते. मी विचारलं, काय लिहिताय. म्हणाले, "साइटवर लक्ष नव्हतं. तीस वर्षं स्लॅब टाकणाऱ्या माणसाला भोकं नाहीत हे कळू नये?"

"त्यांना कळलं होतं सर. त्यांनी मला विचारलं होतं."

"लेखी?"

"फोनवर."

"मग राहू दे."

१ फेब्रुवारी, शनिवार

लहानूभाऊंना काढलं. ठेकेदाराने सकाळी साइटवर सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, उद्यापासून येऊ नका.

मी फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तेच बोलले, "जाऊ द्या मॅडम. मले आता तसंही चढणं-उतरणं होत नाही." मग, "पण पोरीच्या सासरी समजलं. जावई म्हणे, मामाजीनं स्लॅब बिघडवला. तेवढं लागलं जीवाले."

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही विचारलं होतं.

"हो. विचारलं होतं."

मग फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

धम्मानंदला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला, पूर्ण ऐकून घेतलं. उद्या कुहीला बैठक आहे — सर, ठेकेदार, ट्रस्टच्या सिंधूताई. मी सरांसोबत जायचं आहे, नकाशे उलगडून दाखवायला.

"बोलशील तं नोकरी जाईन," तो म्हणाला.

"हो."

"नाही बोलली तं?"

मी उद्याचे नकाशे पिशवीत भरायला घेतले. तो उठला आणि माझी गाडी धुवायला गेला. उद्या गाडी लागणारही नव्हती.

३ फेब्रुवारी, सोमवार

बैठक त्या स्लॅबच्या खालीच झाली. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, वर सपाट छत. मी एकदाच वर पाहिलं.

सिंधूताई सत्तरीच्या, निवृत्त नर्स, ट्रस्टचं सगळं त्याच बघतात. त्यांनी विचारलं, "झालं कसं हे?" सर म्हणाले, साइटवर दुर्लक्ष झालं. ठेकेदार म्हणाला, त्या माणसाला आम्ही काढलं, आता चिंता नाही. सिंधूताईंनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. एवढ्यात संपलं असतं. दोन मिनिटंही लागली नसती.

मी म्हटलं, "लहानूभाऊंची चूक नाही."

आवाज नीट निघाला नाही, म्हणून परत म्हटलं. शीट पुढे केली. "यात भोकं नाहीत. ही सही माझी. त्यांनी स्लॅबच्या आधी मला फोन करून विचारलं होतं. मी न बघता सांगितलं, ड्रॉइंगप्रमाणे करा. त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केलं."

ठेकेदार सरांकडे बघायला लागला. सर कागदाकडे. बाहेर कुणीतरी विटा उतरवत होतं, तेवढाच आवाज.

सिंधूताईंनी शीट ओढून घेतली, सही पाहिली. मग म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं नर्स होती. एकदा एका बाईले दुसरीचं इंजेक्शन दिलं मी. लगेच डॉक्टरले जाऊन सांगितलं. भीती वाटली होती, पण सांगितलं, म्हणून वाचली ती." मग ठेकेदाराला, "त्या भाऊले आजच बोलवा. सगळ्यांसमोर काढलं ना, सगळ्यांसमोरच बोलवा." आणि मला, "आता कोणते दोन संडास सरकून राहिले, ते दाखव."

दाखवले. एकेक, बोट ठेवून.

येताना तासभर गाडीत सर समोर रस्त्याकडे बघत होते. उमरेड रोडच्या नाक्यावर फक्त काच खाली केली.

४ फेब्रुवारी

कुहीचं काम काढून घेतलं. एका बंगल्याची कंपाउंड वॉल दिली. नऊ लेयर. अकरा वाजताच संपलं. मग दिवसभर स्क्रीनकडे बघत बसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात माझ्याशी कुणी फार बोलत नाही. चहा मात्र टेबलावर येतो.

सारखं तेच आठवतं — ते चालू-बंदचं छोटं चिन्ह. शनिवारी मी ते दाबलं तेव्हा काय विचार करत होते? भूक लागली होती? घड्याळ बघत होते? कितीही मागे गेलं तरी तो क्षण सापडत नाही. सरळ सापडला असता तर एकदाची शिक्षा घेऊन मोकळी झाले असते.

८ फेब्रुवारी, शनिवार

भोकं पाडायचं मशीन आलं. लहानूभाऊंनी पहिल्या भोकाचा फोटो पाठवला. गोल, नीट, आरपार. खाली लिहिलं होतं — 'मॅडम, इंजिनेर साहेबासमोर केलं. जावई आला होता पाहाले.'

मी परत माफी मागितली. त्यांनी नमस्काराचे हात पाठवले. तिसऱ्यांदा मागितली ही माफी. तरी पुरेशी वाटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकराला दारात सर. सतरा वर्षांत पहिल्यांदा इंदोऱ्यात, आमच्या घरी. म्हणाले, "ती लेयर मी बंद केली होती. शीट छापायच्या आदल्या दिवशी सिंधूताई आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना घरूनच मॉडेल दाखवत होतो. त्या फुल्या मधे मधे येत होत्या, म्हणून बंद केल्या. तसंच सेव्ह झालं." मी विचारलं, तुम्हाला हे केव्हा कळलं? म्हणाले, "तू केबिनमध्ये रडत होतीस तेव्हा. फाइल उघडल्या उघडल्या." म्हणजे लहानूभाऊंना काढण्याच्या तीन दिवस आधी.

पाणी दिलं. बसा म्हटलं नाही.